कर्णिकबाईंचा ठराव

कर्णिकबाई मनमिळाऊ नव्हत्या. हे आधीच लिहून टाकतो, कारण वकील संघटनेच्या स्मरणिकेत त्यांच्या फोटोखाली छापलंय, ‘मनमिळाऊ, सुस्वभावी, संघटनेच्या आधारस्तंभ’. माझ्या मुलीने मोबाइलवर दाखवलं. मी तिला दोनदा वाचायला लावलं. मी चौथीपर्यंत शिकलो, वाचायला वेळ लागतो, पण खोटं मला लवकर कळतं. ज्या लोकांनी बाईंचं टेबल बाररूममधून काढून पाण्याच्या फिल्टरशेजारी ठेवायला लावलं, त्यांनीच हा आधारस्तंभ छापला. म्हणून लिहायला बसलो. कोर्टाचं नाव लिहीत नाही. ठाणे जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. ज्यांचं आहे त्यांना कळेल.

मी त्या कोर्टात बाररूमचा शिपाई होतो. बाररूम म्हणजे वकिलांची बसायची खोली. माझा पगार सरकारचा नव्हता, संघटनेचा होता. सकाळी खोली उघडायची, झाडायची, पाणी भरायचं, नोटीस बोर्डावर लावायची, सभेला खुर्च्या मांडायच्या. शीळफाट्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथून येऊन मी अख्खा जन्म त्या खोलीत काढला. सगळे मला गजा म्हणायचे. सनद मिळून महिना झाला नाही असं पोरगंसुद्धा ‘ए गजा, चहा सांग’ म्हणायचं, आणि माझे केस पांढरे झाले तरी म्हणायचं. मला ते कधी आवडलं नाही. मी चहा सांगायचो, पण सगळ्यांत शेवटी त्याचा.

बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलेलं, आडनाव काय तुमचं. म्हात्रे म्हटलं. तेव्हापासून मरेपर्यंत ‘अहो म्हात्रे’. याचा अर्थ त्या गोड बोलायच्या असा काढू नका. ‘अहो म्हात्रे, तुम्ही गाढव आहात का?’ हेही त्याच अहो-जाहोत. एकदा मी त्यांच्या टेबलावरचे कागद आवरून ठेवले, तर चार वकिलांसमोर माझी अशी खरडपट्टी काढली की मी दोन दिवस त्यांना पाणी दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही. दोघं हट्टी. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पिशवीतून बाटली काढून मला दाखवली आणि म्हणाल्या, मी घरून आणतेय, तुम्ही किती दिवस ताणणार?

दिसायला एवढीशी बाई. नौपाड्यात राहायच्या, जुन्या सोसायटीत, मिस्टर बँकेतून रिटायर झालेले. डबा तेच करून द्यायचे आणि बाई रोज त्या डब्याला नावं ठेवून सगळा संपवायच्या. काळ्या कोटाच्या कोपराला रफू. गळ्यातला पांढरा बॅण्ड रोज धुवायचा आणि बाररूमच्या खिडकीच्या गजावर वाळत घालायचा. कोणी म्हटलं बाई हे घर नव्हे, तर म्हणायच्या, घरी मी कुठे असते? कोर्टात उभं राहायच्या आधी खिशातून शेंगदाणे काढून चावायच्या, एकेक, खिडकीकडे तोंड करून. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही. एका नव्या वकिलाने विचारलं, बाई काय विचार करताय? बाई म्हणाल्या, तू गप्प कधी बसशील याचा.

अशिलांनाही तेच. बाया टेबलासमोर येऊन रडायला लागल्या की बाई पेन खाली ठेवायच्या नाहीत. ‘रडू नका, तारीख सांगा. कधी मारलं, कधी घराबाहेर काढलं, तारीख सांगा.’ मला वाटायचं केवढी कठीण बाई. पण तीच बाई अशिलाला खुर्ची दिल्याशिवाय बोलायची नाही. बाकीच्या वकिलांसमोर अशील उभे असत, हातात पिशवी धरून. बाईंसमोर बसलेले.

माझ्या मुलीच्या हळदीला आल्या होत्या. आमच्याकडची हळद म्हणजे डीजे, अख्खं गाव नाचणार. बाई कोर्टातून थेट, काळा कोट अंगात. मांडवातल्या बायका माझ्या बायकोला विचारायला लागल्या, कोण आलंय, काय केस-बिस झाली काय? बाई सरळ डीजेवाल्याकडे गेल्या आणि आवाज कमी कर म्हणाल्या. तो हसला. बाईंनी शेजारची प्लास्टिकची खुर्ची घेतली, त्याच्या मशीनसमोर ठेवली आणि बसून त्याच्याकडे बघत राहिल्या. नुसतं बघत. दोन गाण्यांत त्याने आवाज खाली केला. मग बाई उठल्या, नवरीला हळद लावली, पोटभर जेवल्या, आणि जाताना डीजेवाल्याला म्हणाल्या, गाणी बरी निवडतोस.

आता संघटनेचं सांगतो, कारण बाईंचं सगळं तिच्याशी बांधलेलं.

बाई नव्या होत्या तेव्हा त्या कोर्टात बायका वकील दोन-तीन. एका साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, भर कोर्टात त्यांना विचारलं, बाई, घरी स्वयंपाक नाही का? लोक हसले. बाई बाररूममध्ये येऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. तेव्हा अध्यक्ष एक म्हातारे वकील होते, धोतर नेसणारे, बायकांच्या वकिलीबद्दल त्यांचं स्वतःचं मत काही चांगलं नव्हतं. पण ते उठले, कोट चढवला, आणि म्हणाले, तिचा कोट आणि माझा कोट एकच आहे. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या कोर्टात एकही वकील गेला नाही. पुकारा होतोय आणि कोणी नाही. साहेब दिवसभर रिकाम्या बाकांकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना चेंबरमध्ये बोलावून माफी मागितली. बाई म्हणाल्या, भर कोर्टात बोललात, माफीही तिथेच मागा. मागितली.

तेव्हापासून बाईंना संघटना म्हणजे माहेर. पुढे त्या सचिव झाल्या. वकील बायकांसाठी संडास नव्हता. बायका दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. बाईंनी तीन वार्षिक सभांत विषय मांडला, तीनदा ‘पुढच्या वर्षी बघू’. चौथ्या सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवीतून एक भलंमोठं कुलूप काढून मला दिलं आणि पुरुषांच्या संडासाला लावायला सांगितलं. मी लावलं. सभा लांबत गेली, पंखे फिरतायत, चहा दोनदा झालेला, एकेक जण उठून जातोय आणि तसाच परत येतोय. बाई माइकवर शांतपणे हिशेब वाचतायत. शेवटी एक ज्येष्ठ वकील म्हणाले, कर्णिक, ठराव घ्या, लवकर घ्या. एकमताने मंजूर. किल्ली माझ्याकडे होती. मीही थोडा सावकाशच चालत गेलो.

अशी संघटना. मी हे मुद्दाम लिहितोय. मला कोणी म्हणू नये की म्हातारा संघटनेच्या नावाने आंधळा झालाय. चांगली कामं मी डोळ्यांनी पाहिलीत, खुर्च्या मीच मांडल्यात.

आणि त्याच काळात बाईंनी तो ठराव केला.

झालं असं होतं की मोठे वकील नव्या पोरांचे अशील पळवायचे. पोरगं दोन वर्षं केस चालवणार, उन्हातान्हात फिरणार, आणि निकाल जवळ आला की मोठा वकील अशिलाला खुणावणार, माझ्याकडे ये. पोरगं रिकाम्या हाताने बसणार. बाईंना याची चीड होती. वकील बदलायचा तर जुन्या वकिलाने वकीलपत्रावर ‘हरकत नाही’ अशी सही द्यायची, ही पद्धत सगळीकडेच आहे. सही नाही दिली तर कोर्टाकडे परवानगी मागता येते. बाईंनी त्यापुढचं केलं. संघटनेचा ठराव, की जुन्या वकिलाची सही असल्याशिवाय आपल्यातला कोणीही ते प्रकरण हातात घेणार नाही, कोर्टाकडेही जाणार नाही. घेतलं तर संघटना कारवाई करेल. पोरांना आधार मिळावा म्हणून. पोरांनी तेव्हा बाईंना पेढे दिले. मीही खाल्ला.

बाईंनी तो ठराव कडकपणे पाळला. शिंदे नावाच्या एका तरुण वकिलाने सहीशिवाय एक प्रकरण घेतलं, तर बाईंनी त्याला सगळ्यांसमोर ते परत करायला लावलं. तो सांगत होता, बाई, त्या माणसाचं नुकसान होतंय. बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम.

मग वर्षं गेली. ती पोरं मोठी झाली. त्यातलेच एक मोकाशी वकील. त्यांच्या हाताखाली दहा ज्युनिअर, बोटात अंगठ्या, आणि आता तेच संघटनेचे अध्यक्ष. पोरांना वाचवायला केलेला ठराव या मोठ्यांच्या हातात आला. आलेला अशील आता जातोच कुठे?

सुगंधा त्यांचीच अशील. डोंबिवलीची, एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला. नवरा ठाण्याचा. त्याने घराबाहेर काढलं आणि चार वर्षांची पोर, स्वरा, ठेवून घेतली. पोरीच्या ताब्यासाठी सुगंधाने अर्ज केला, वकील मोकाशी. मोकाशी साहेब स्वतः कधी उभे राहिले नाहीत. ज्युनिअर जायचा, तारीख घेऊन यायचा. पोरीची नुसती भेट मिळावी म्हणून वेगळा अर्ज करायचा असतो, तोसुद्धा केला नाही. वर्ष गेलं, त्यावर आणखी काही महिने. त्या काळात सुगंधाने पोरीला एकदाही पाहिलं नाही. शाळेच्या दाराशी जाऊन उभी राहिली तर नवऱ्याने पोलिसात तक्रार दिली.

तारखेच्या दिवशी ती बाररूमच्या दाराशी उभी असायची. मी पाणी द्यायचो. एके दिवशी तिने धीर करून मोकाशींना सांगितलं, साहेब, मला दुसरा वकील बघायचाय, कागद द्या. मोकाशी जेवत होते. घास न थांबवता म्हणाले, “जा ना. बघू कोण घेतं.”

ती खरंच गेली. एकेक टेबल. मी बघत होतो. कोणी नावं ठेवली नाहीत, सगळे सभ्यपणे बोलले. आधी सही आण, सही आणलीस की बघू. शेवटच्या टेबलाशी बाई. बाईंनी तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि त्याही तेच म्हणाल्या. सही आणा.

सुगंधा रडली नाही. तिने विचारलं, “बाई, ते सही देत नाहीत आणि काम करत नाहीत. मग मी काय करायचं? हा नियम कोणी केला?”

 मी झाडू घेऊन उभा होतो. मला वाटलं, सांगतात की नाही. त्यांनी सांगितलं.

“मी केला,” म्हणाल्या.

 सुगंधा उठून गेली. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मोकाशींकडे गेल्या. आधी नीट बोलल्या. सही द्या, पोरीचा प्रश्न आहे. मोकाशी हसून म्हणाले, बाई, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं? बाई पुन्हा गेल्या, आठवड्याने आणखी एकदा. मोकाशींना त्या केसमध्ये काही रस नव्हता हो. कोपऱ्यात पडलेली फाइल. पण आपल्याला सोडून अशील जातो म्हणजे काय, एवढंच होतं. त्या एवढ्यासाठी एक आई वर्षभर पोरीचं तोंड बघत नाही. मला त्या माणसाचा राग आहे, तो मी मरेपर्यंत ठेवणार आहे.

मग बाईंनी सहीशिवाय अर्ज केला. कोर्टासमोर उभ्या राहिल्या आणि वकील बदलायची परवानगी मागितली. साहेबांनी मोकाशींच्या ज्युनिअरला विचारलं, तुमचं काय म्हणणं? तो घुटमळला. साहेबांनी परवानगी दिली. झालं. मला चहाचा कप धुवायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा लागला नाही. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी सगळी बाररूम माना खाली घालून बसलेली.

संध्याकाळी बोर्डावर नोटीस लावायला मला दिली. कर्णिकबाईंवर कारवाईसाठी सर्वसाधारण सभा. 

सभेला खोली भरलेली. एरवी निम्मेही येत नाहीत. मी पाण्याच्या पिंपाजवळ उभा. मोकाशींनी सुरुवातच अशी केली की बाई आम्हाला आईसारख्या आहेत. आई म्हटलं की मी समजलो, आता हे गळा कापणार.

मोकाशी म्हणाले, “बाई, ठराव तुमचाच आहे. भाषासुद्धा तुमचीच.”

बाई म्हणाल्या, “हो, माझाच. म्हणूनच सांगते, तो चुकला. मी ज्युनिअर बघितले, अशील बघितलाच नाही.”

“आज एक जाईल, उद्या दहा जातील. ज्युनिअर जगणार कशावर?”

“ज्युनिअरचं नाव काढू नका. तुमच्या दहांपैकी कोणाला स्वतःचा एक अशील आहे ते सांगा. आणि मोकाशी, ती तुमची अशील आहे, गाय नाही दावणीला बांधून ठेवायला.”

मागे दोघंचौघं हसले, लगेच गप्प झाले. मग शिंदे उठला. तोच शिंदे, आता टक्कल पडलेलं. म्हणाला, “बाई, मला तुम्ही प्रकरण परत करायला लावलं होतं. त्या माणसाची खोली गेली. त्याचं काय?”

बाई त्याच्याकडे वळल्या. एवढीशी बाई, टेबलाला धरून उभी. म्हणाल्या, “तू बरोबर होतास. मी तुझी माफी मागते. इथे, सगळ्यांसमोर. त्या माणसाचा पत्ता असेल तर दे, त्याच्याकडेही जाते.”

 मला वाटलं, आता सभा फिरेल. एवढ्या शिकलेल्या माणसांत कोणाला तरी लाज वाटेल. मोकाशी म्हणाले, भावना बाजूला ठेवू, मतदान घेऊ. बाईंचं सदस्यत्व सहा महिने स्थगित करावं, ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा. हात वर गेले. एकेक काळी बाही वर. विरोधात शिंदे आणि आणखी एक म्हातारे वकील, ज्यांना ऐकू कमी येतं, त्यांना कळलं होतं की नाही देव जाणे. वकील बायका भिंतीच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांच्यातल्या कोणी हात वर केला नाही, ना इकडे ना तिकडे. खाली बघत होत्या. त्यांची नावं मी लिहीत नाही. त्यांची त्यांना माहीत आहेत.

त्याच संध्याकाळी बाईंना संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं. सकाळी मोकाशी मला म्हणाले, गजा, बाईंचं टेबल बाहेर काढ. मी म्हटलं, मी काढणार नाही. ते म्हणाले, मग तूही जा. तेवढ्यात बाई आल्या, कोट हातावर. म्हणाल्या, “अहो म्हात्रे, ती बाजू धरा. टेबल जड आहे.” त्यांनीच एक टोक उचललं. आम्ही दोघांनी ते बाहेर नेलं आणि व्हरांड्यात फिल्टरशेजारी ठेवलं. आत एवढे धडधाकट वकील बसलेले, एकही उठला नाही.

व्हरांड्यात लोक पाणी प्यायला यायचे, बाईंच्या कागदांवर शिंतोडे उडायचे. वकील पाणी भरताना त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे. बाईंनी आजारी आहे म्हणून कोणाला माझ्या जागी कोर्टात जरा उभं राहा म्हटलं तर कोणी राहायचं नाही, मग ताप अंगात घेऊन यायच्या. मला सहन होईना. मी म्हटलं, बाई, सोडा यांना. तुमचं काय अडलंय?

“सहा महिने होऊ देत. मी परत आत बसणार,” म्हणाल्या.

“कशाला? थुंका त्यांच्या तोंडावर.”

“ठराव मोडायला. तो आत बसूनच मोडावा लागतो, म्हात्रे. आणि ती संघटना मोकाशींच्या बापाची नाही.”

मला त्यांचाही राग आला. अजून आहे. ज्या घराने ओसरीवर काढलं त्या घराचीच ओढ. मी तसं बोललोसुद्धा. त्या म्हणाल्या, तुम्हाला कळायचं नाही. मी म्हटलं, मला सगळं कळतं, तुम्हालाच कळत नाही. मग आम्ही दोन दिवस बोललो नाही.

सदस्यत्व गेलं तरी वकिलीची सनद जात नाही, केस मात्र पळायला लागली. बाईंनी भेटीचा अर्ज केला आणि साहेबांनी हुकूम दिला, दर शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत आईने मुलीला एक तास भेटायचं. खोली म्हणजे काय, जुनी रेकॉर्डची खोली, भिंतीवर एक हत्ती रंगवलेला आणि पेटीत मोडकी खेळणी. शनिवारी संघटनेचं काम कमी, म्हणून मी तिथे असायचो.

पहिल्या शनिवारी नवऱ्याने पोरीला आणलं. सुगंधाने नवी साडी नेसलेली, हातात बाहुली. पोर बापाच्या पायामागे लपली. सुगंधा गुडघ्यावर बसली, हात पुढे केले. पोरीने बापाला विचारलं, “ही काकू कोण?”

सुगंधाने बाहुली खाली ठेवली आणि हात मागे घेतले. बाई बाहेर आल्या, टेबलाशी बसल्या, कागद सरळ करायला लागल्या. सरळच होते. मला म्हणाल्या, “वर्षभर, म्हात्रे. त्या सहीपायी.” त्यांचे हात थांबत नव्हते.  मला बोलायचं होतं की हे तुमच्या ठरावाने झालं, आणि मला बोलायचं होतं की तुम्ही एकट्याच उभ्या राहिलात. दोन्ही खरं होतं. मी पाणी आणून दिलं.

काही शनिवार असे गेले. आणि मग एका सोमवारी सकाळी नौपाड्यातून फोन आला. बाई पहाटे गेल्या. हृदय. मिस्टर डबा भरत होते.

आता जे झालं ते नीट वाचा. वकील वारला की कोर्टात रीत आहे. संघटना शोकसभा घेते आणि त्या दिवशी दुपारनंतर कोणी वकील कोर्टात उभा राहत नाही, सगळ्या केसेसना पुढची तारीख. बाईंचे सहा महिने संपले नव्हते. तरी मोकाशी म्हणाले, मतभेद जिवंतपणी, आता मोठं मन दाखवू. नोटीस काढली, दुपारनंतर काम बंद.

त्याच दुपारी सुगंधाची तारीख होती. स्वराने शनिवार-रविवार आईच्या घरी राहावं, या अर्जावर. बाईंनीच धावपळ करून ती तारीख लवकरची घेतलेली. सुगंधा एकटीच आलेली, बाई गेल्याचं तिला फाटकावर कळलं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, काका, मी स्वतः बोलू का साहेबांसमोर? मी मोकाशींकडे गेलो.

“साहेब, आज बाईंच्या अशिलाची तारीख आहे. तेवढी एक केस चालू द्या. बाईंच्या नावाने तीच बुडवू नका.”

मोकाशी म्हणाले, “गजा, परंपरा असते. हार आणलास का?”

मी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, माझं नाव गजानन पांडुरंग म्हात्रे, आणि हार तुमचा तुम्ही आणा. निघालो. मागे खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता, त्यांच्या त्यांनाच मांडाव्या लागत होत्या. सुगंधाला बोलायला मिळालंच नाही, पुढची तारीख मिळाली ती कोर्टाच्या सुट्टीनंतरची. घरी बायको म्हणाली, आता या वयान नोकरी सोरून काय करशील? मी म्हटलं, बसेन. आणि बसलोय.

सुगंधाला नंतर वकील मिळाला. लगेच मिळाला, कोणी अडवलं नाही. मेलेल्या वकिलाची सही लागत नाही ना. शिंदेनेच घेतली केस. पोर आता शनिवार-रविवार डोंबिवलीला आईकडे असते. ताब्याचा निकाल अजून नाही. ठराव तसाच आहे, आणि बाईंचा फोटो त्याच खोलीत लावलाय, मोकाशींच्या खुर्चीमागच्या भिंतीवर.

त्या फोटोतली बाई मी ओळखत नाही. मी शेवटची पाहिली ती त्या जाण्याच्या आधीच्या शनिवारी. तास संपला होता. नवऱ्याचा वकील आणि कोर्टाचा शिपाई पोरीला न्यायला आले. बाई मुलांच्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून उभ्या, हात मागे, कडी धरलेली. शिपाई म्हणाला, बाई, वेळ झाली. बाई म्हणाल्या, थांबा जरा. वकील म्हणाला, हे हुकुमाच्या बाहेर आहे, मी तक्रार करीन.

“करा की. तुमच्या अध्यक्षांकडे करा, त्यांना माझ्याविरुद्धच्या तक्रारींची सवय आहे,” म्हणाल्या. मग मला हाक मारली. “अहो म्हात्रे, एक खुर्ची आणा. आतली आणा, संघटनेची.”

मी बाररूममधून उचलून आणली. त्यांनी ती दाराला आडवी लावली, तिच्यावर बसल्या, हाताची घडी घातली आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे कोणाशी बोलायला नको. ते दोघे नुसते उभे. मी दाराजवळ होतो म्हणून मला ऐकू येत होतं. आत पोर आईचे केस विंचरत होती, आणि दरडावून सांगत होती, हलू नकोस, अजून झालं नाही, हलू नकोस.